सदर जाहिरात फलकावर लावण्यात आली होती

“आली का हो जाहिरात?” संजीवनीनं खिडकीतून विचारलं, तेव्हा ती जाहिरात माझ्या टेबलाच्या खणात होती.

एप्रिलची चोवीस तारीख. वार्षिक परीक्षा संपल्या होत्या, वर्ग ओस पडले होते आणि शाळेच्या कार्यालयात मी एकटीच बसले होते. संजीवनीच्या खांद्याला उत्तरपत्रिकांनी फुगलेली पिशवी होती. पदरानं मान पुसत ती खिडकीशी उभी होती.

“आली की फलकावर लागेलच की ग,” मी म्हटलं. “बघत जा फलक.”

“हो, बघते. आता चारची गाडी गाठते बाई. ती चुकली की सहापर्यंत स्टँडवर बसा.”

ती गेली. फाटकातून बाहेर पडेपर्यंत मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. फलक मैदानापलीकडे, प्रार्थनेच्या हॉलच्या व्हरांड्यात होता. ती तिकडे वळली असती तर तिला परीक्षेचं जुनं वेळापत्रक दिसलं असतं आणि एक हिरवं रिकामं कापड. दुसरं काही नाही. ती वळली नाही, याचं मला तेव्हा बरं वाटलं.

संजीवनी गवारे आमच्या शाळेत नऊ वर्षं विज्ञान शिकवत होती. तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास घ्यायचे तितक्यांचंच मानधन, सुट्टीत काही नाही, आणि दर जूनला नवा अर्ज. मांडवखेड तालुक्याचं गाव असलं तरी विज्ञानाला टिकून राहणारा माणूस मिळत नसे, ती मात्र टिकली होती. बारा किलोमीटरवरून एस.टी.नं यायची. नवरा, दिगंबर, आगारात वाहतूक नियंत्रक होता. मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन माझ्याकडे कार्यालयात यायची. माझ्या मुलीचं दहावीचं विज्ञान तिनं वर्षभर शाळा सुटल्यावर थांबून करून घेतलं होतं आणि त्याबद्दल साडी दिली तर परत केली होती. “ताई, तिचे मार्क दाखवा मला, तेवढं पुरे,” म्हणाली होती.

त्या वर्षी पाठक सर निवृत्त झाले आणि विज्ञानाची कायम जागा रिकामी झाली. संजीवनीला ती जागा आपलीच वाटत होती, आणि खरं सांगायचं तर शाळेत सगळ्यांनाच तसं वाटत होतं. पण तिला सप्टेंबरात अडतीस पूर्ण होणार होती आणि वयाची अट अडतीसचीच होती. यंदा नाही तर कधीच नाही. म्हणून ती जानेवारीपासून खिडकीशी येऊन तेच विचारत होती.

मार्चमध्ये बापूसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बापूसाहेब देशमाने संस्थेचे सचिव. धोतर, पांढरा सदरा, आवाज कधी चढलेला नाही. शिक्षणाधिकारी कार्यालयाचं परवानगीपत्र त्यांच्या समोर होतं. त्यात जागा भरण्याच्या अटी घातलेल्या होत्या. जागा किती, कोणत्या प्रवर्गातली, विषय, पात्रता, वयोमर्यादा, वेतनश्रेणी, अर्जाची शेवटची तारीख, सगळं उघड लिहायचं. जाहिरात दोन वर्तमानपत्रांत छापायची. आणि शाळेच्या फलकावर दहा दिवस लावायची.

“मसुदा झाला का?” त्यांनी विचारलं.

मी कागद पुढं केला. त्यांनी तो दोनदा वाचला.

“छान. एक शब्द कमी नको, एक जास्त नको. नियमात सगळं बसलं पाहिजे. आता छापायला कुठं द्यायची, ते सांगतो.”

एक जिल्ह्याच्या ठिकाणी निघणारं चार पानी दैनिक होतं, सरकारी जाहिरातींवर जगणारं. त्याचा अंक मांडवखेडात कुणाच्या घरी येत नसे. दुसरं मोठं, नावाजलेलं वर्तमानपत्र होतं.

“पण कोकण आवृत्तीत द्या,” बापूसाहेब म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. “कोकण?”

“वर्तमानपत्र तेच आहे ना? आवृत्ती कोणती, ते पत्रात कुठं लिहिलंय?” ते थोडं थांबले. “प्रणालीचं बी.एड. झालं औंदा. एम.एस्सी. तर होतीच.”

प्रणाली त्यांची धाकटी सून.

मी उठायला हवं होतं किंवा गप्प बसायला हवं होतं. दोन्ही केलं नाही. म्हटलं, “बापूसाहेब, गवारे बाई नऊ वर्षं आपल्याकडं आहेत. निकाल बघितलात ना त्यांच्या विषयाचे?”

बापूसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावले नाहीत.

“प्रभाताई, तुमच्या वेळेला जाहिरात आली होती का हो?”

माझे यजमान याच शाळेत चित्रकला शिकवायचे. ते गेले तेव्हा मी एकतीस वर्षांची होते आणि मुलगी पाच. चौदाव्या दिवशी बापूसाहेब घरी आले, ओसरीवर बसले आणि म्हणाले, सोमवारपासून कार्यालयात या. मी गेले. त्या लिपिकाच्या जागेसाठी आणखी कुणी वाट बघत असेल, कुणी टायपिंगची परीक्षा देऊन बसलं असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. आलं असतं तरी मी गेलेच असते.

“तुम्ही घरच्या माणूस आहात,” बापूसाहेब म्हणाले. “म्हणून तर तुम्हाला सांगतोय. दुसऱ्याला सांगितलं असतं का?”

मी कागद घेऊन बाहेर आले. लाज वाटली असेल, असं तुम्हाला वाटेल. तेव्हा नाही वाटली. तेव्हा मला मान मिळाल्यासारखं वाटलं, आणि आज सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते.

एकोणीस एप्रिलला रविवार होता. सकाळी बापूसाहेब शाळेत आले. मी व्हरांड्यातल्या फलकाचं कुलूप उघडलं आणि चार टाचण्यांनी जाहिरात लावली. त्यांनी आपल्या कॅमेऱ्यानं फोटो काढला. त्या कॅमेऱ्यात फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख उमटायची. त्यांनी फोटो मला दाखवला, तारीख दिसत होती.

“काढून घ्या आता,” ते म्हणाले.

मी टाचण्या काढल्या, कागद घडी करून पर्समध्ये टाकला, दुसऱ्या दिवशी खणात. लावलेला कागद पाच मिनिटंही फलकावर राहिला नसेल.

मे महिन्यात मुलाखती झाल्या. अर्ज चार आले होते, त्यांतले तीन कुणी करायला लावले होते ते मला ठाऊक होतं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा हजेरीपटावर विज्ञानाच्या रकान्यात प्रणालीनं सही केली. मी पहिले दोन दिवस रजा टाकली. पोट बिघडलंय, असा अर्ज दिला. संजीवनीला समोरून तोंड द्यायची माझी हिंमत नव्हती.

तिनं मुख्याध्यापकांना विचारलं. त्यांनी संस्थेकडे बोट दाखवलं. मग तिनं शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार केली. तक्रारीची प्रत बापूसाहेबांनी मला वाचायला दिली. सुवाच्य, एकसारखं अक्षर. फळ्यावर लिहायची तसंच. त्यात एकच मुद्दा पुनःपुन्हा होता, ‘जाहिरात शाळेच्या फलकावर लावलेली मी पाहिली नाही. ती लावली गेली असती तर नऊ वर्षं त्या शाळेत राबणारी मी अर्ज केल्याशिवाय राहिले नसते.’ माझं नाव कुठं नव्हतं.

“काही नाही,” बापूसाहेब म्हणाले. “तुम्ही लावली होती ना? मग लावली होती म्हणायचं. खोटं कुठं आहे त्यात?”

ऑगस्टमध्ये जिल्हा परिषदेत सुनावणी झाली. लांबट खोली, हिरवं कापड घातलेलं टेबल. शिक्षणाधिकारी मेश्राम मॅडम नव्यानंच बदलून आल्या होत्या. एका बाजूला बापूसाहेब, संस्थेचे वकील आणि मी. दुसऱ्या बाजूला संजीवनी आणि दिगंबर. तिनं वकील आणला नव्हता. दिगंबर रजा काढून आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसला होता. संजीवनीनं मला बघितल्यावर मान हलवली, नेहमी हलवायची तशीच.

मेश्राम मॅडमनी कात्रणं पुढं घेतली.

“मांडवखेडच्या शाळेत शिक्षक हवाय आणि जाहिरात सावंतवाडीला?”

“मॅडम, गुणवत्ता कुठूनही येऊ शकते,” बापूसाहेब शांतपणे म्हणाले.

“आणि हे दुसरं? याचा अंक तुमच्या गावात किती घरी येतो?”

“नोंदणीकृत दैनिक आहे मॅडम,” वकील म्हणाले. “सरकारी जाहिराती घेतं.”

“ते मला माहीत आहे.” त्यांनी कात्रणं बाजूला सारली. “कागदाला कागद जुळवलाय तुम्ही. ठीक आहे. फलकाचं काय?”

वकिलांनी फोटो दिला. मॅडमनी तो खिडकीकडे धरून पाहिला.

“हा एका दिवसाचा फोटो. दहा दिवस होती कशावरून?”

“आमच्या लिपिक सांगतील. त्यांनी स्वतः लावली,” बापूसाहेब म्हणाले.

मला पुढच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. मेश्राम मॅडमनी पेन खाली ठेवलं. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “बाई, नीट ऐका. फलकावर जाहिरात होती असं ठरलं, तर या तक्रारीत फार काही उरत नाही. नव्हती असं ठरलं, तर ही नेमणूक मी थांबवू शकते, जाहिरात नव्यानं द्यायला लावू शकते, आणि यांचं वय जुन्या तारखेवर धरायला सांगू शकते. घाई करू नका. विचार करून सांगा.”

इतकं सोपं करून दिलं होतं त्यांनी.

“सदर जाहिरात फलकावर लावण्यात आली होती,” मी म्हटलं.

“कधीपासून कधीपर्यंत?”

“एकोणीस ते तीस एप्रिल.”

“मध्ये काढली नव्हती?”

“नाही.”

त्यांनी लिहून घेतलं. मग संजीवनीकडे वळल्या. “तुमचं काय म्हणणं आहे यावर?”

संजीवनी माझ्याकडे बघत होती. मी वाट बघत होते की आता ही उठेल, ओरडेल, खोटारडी म्हणेल. त्याची मी तयारी करून आले होते. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादी विसरलेली गोष्ट आठवायला लागावी तशी तिची नजर झाली होती.

“मॅडम,” ती हळूच म्हणाली, “चोवीस तारखेला मी ताईंना विचारलं होतं.”

वकिलांनी मान वर केली.

“काय विचारलंत?”

“जाहिरात आली का म्हणून. ताई म्हणाल्या, फलक बघत जा. मला वाटलं नेहमीसारखंच म्हणतायत.” ती थांबली. “पण त्या सांगत होत्या मला. तेव्हा जाहिरात लागलेली होती. कार्यालयात बसणाऱ्या माणसाला उघड सांगता येत नसेल, तरी त्या सांगत होत्या. मला चारच्या गाडीची घाई होती. मी न बघताच गेले.”

“तुम्ही फलक रिकामा होता असं म्हणताय ना तक्रारीत?” मेश्राम मॅडमनी विचारलं.

“रिकामा होता असं नाही म्हटलं मी. पाहिली नाही म्हटलंय. तास संपलेले होते, मी त्या आठवड्यात दोनदाच शाळेत आले. दोन्ही वेळा व्हरांड्याकडे गेलेच नाही.”

“बाई, तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना तुम्हाला?”

“कळतंय.” संजीवनी उठून उभी राहिली, वर्गात मुलं उत्तर द्यायला उभी राहतात तशी. “प्रभाताई खोटं बोलणार नाहीत, मॅडम. मी नऊ वर्षं बघतेय त्यांना. मग मीच बघितलं नसणार.”

मेश्राम मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. गरजेपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं. त्यांना कळलं होतं, अशी माझी आजही खात्री आहे. पेन हातात घेऊन त्या थांबल्या होत्या, आणि ते थांबणं माझ्यासाठी होतं. एक शब्द पुरला असता. मी टेबलावरच्या फोटोकडे, त्या नारिंगी आकड्यांकडे बघत राहिले. मग पेनाचा आवाज ऐकू आला.

बाहेर जिन्यापाशी दिगंबर तिला बोलत होता. आवाज बारीक ठेवला होता, पण जिना पोकळ होता, सगळं ऐकू येत होतं.

“एवढं सांगून तुला बघता आलं नाही? दोन मिनिटांचं काम होतं!”

मला बघून तो गप्प झाला. संजीवनी माझ्याकडे आली. तिनं माझा हात हातात घेतला.

“ताई, माझ्यामुळं तुम्हाला इथपर्यंत यावं लागलं. मनात काही ठेवू नका हं.”

“छे ग,” मी म्हटलं.

एवढंच म्हटलं.

तिला सप्टेंबरात अडतीस पूर्ण झाली. तासिकेचे तासही राहिले नाहीत, प्रणालीनं ते सगळे घेतले. संजीवनीनं घरी शिकवणी सुरू केली. पुढच्या वर्षी मी मुख्य लिपिक झाले. मग बापूसाहेब गेले, त्यांच्या शोकसभेत मी संस्थेच्या वतीनं दोन शब्द बोलले. मग मी निवृत्त झाले. सत्कारात मला शाल दिली आणि ‘सचोटीनं सेवा’ असं मानपत्रात लिहिलं. ते मानपत्र मुलीनं भिंतीला लावलं.

संजीवनी अधूनमधून भेटायची. बाजारात, लग्नात. प्रत्येक वेळी प्रेमानं बोलायची. मी घाईत असल्यासारखं दाखवून निघून जायची.

दहा वर्षांनी, आमच्याकडच्या एका लग्नात मी पंगतीत बसले होते. समोरच्या रांगेत दिगंबर होता. केस पांढरे झाले होते, अंगानं सुटला होता. कुणीतरी नोकऱ्यांचा विषय काढला, हल्ली जागा निघत नाहीत वगैरे. दिगंबर हसून म्हणाला, “निघतात हो जागा. वाचायला डोळे लागतात! आमच्याकडं चालून आलेली जागा होती. कागद बारा दिवस भिंतीवर लटकत होता, आणि आमच्या बाईसाहेबांना बघायला सवड नव्हती.”

पंगत हसली. सांगण्याच्या पद्धतीवरूनच कळत होतं की हे त्यानं पहिल्यांदा सांगितलेलं नाही. शंभरदा सांगितलं असेल, पाहुण्यांपुढं, व्याह्यांपुढं, मुलांपुढं. संजीवनी दोन पानं सोडून बसली होती. तीही हसत होती. भात कालवत, खाली बघून.

“खोटं वाटत असेल तर या ताईंना विचारा,” दिगंबर माझ्याकडे हात करून म्हणाला. “यांनी स्वतः सांगितलं होतं तिला. काय ताई?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. होय म्हणून. हसलेसुद्धा.

त्यानंतर मी पान तसंच ठेवलं. आतापर्यंत मी स्वतःला समजावत आले होते की तिची नोकरी बापूसाहेबांनी घेतली, मी फक्त हुकूम पाळला. पण हे मी घेतलं होतं. घरात ताठ मानेनं बसायची तिची जागा, ती मी घेतली होती, आणि अजून, त्या दिवशीसुद्धा, पंगतीत बसून घेत होते.

पुढच्या मंगळवारी मी तिच्या घरी गेले. दुपारची वेळ होती. शिकवणीची मुलं नुकतीच गेली होती, फळ्यावर प्रकाशाच्या अपवर्तनाची आकृती होती. दिगंबर आतल्या खोलीत पडला होता. संजीवनीला इतका आनंद झाला की तिनं मला हात धरून आत नेलं, पाणी दिलं, चहा टाकायला निघाली.

“चहा नको,” मी म्हटलं. “बस. मला बोलायचंय.”

मी सांगितलं. रविवार, टाचण्या, फोटो, पर्समधली घडी. चोवीस तारखेला खण माझ्या मांडीला लागून होता, हेही सांगितलं. बोलताना मी फळ्याकडे बघत होते.

मग तिनं एकच विचारलं.

“मी चोवीसला व्हरांड्यात गेले असते तर?”

“काही दिसलं नसतं.”

“म्हणजे मी बघितलं असतं, तरी...”

“तुझं काही चुकलं नव्हतं, संजीवनी. काहीच नाही.”

तिनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं ती रडेल. माफ करा म्हणायला मी तोंड उघडलं, पण तिनं हात वर केला, वर्गात गलका झाला की करतात तसा. उठली, कपाटातून एक कोरा फुलस्केप कागद आणि पेन आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

“हे लिहून द्या.”

“कशाला ग आता? बापूसाहेब नाहीत. तुझी वयाची मुदत...”

“मला कुठं द्यायचं नाहीये. लिहून द्या.”

मला पेन्शनची आठवण झाली. खोटी साक्ष, सहीनिशी, माझ्या हातची. त्या क्षणीही मला तीच आठवण झाली, हे मी लपवत नाही. मग मी पेन उचललं आणि सवयीनं लिहिलं, ‘सदर जाहिरात प्रत्यक्षात फलकावर लावण्यात आली नव्हती.’

संजीवनी वाकून वाचत होती.

“लावण्यात आली नव्हती, असं नको,” ती म्हणाली. “कुणी लावली, कुणी काढली, ते येऊ द्या.”

मी ती ओळ खोडली. सत्तावीस वर्षं मी कागद लिहिले, हजारो लिहिले असतील, आणि त्यांत कुणी काही करत नसे. सगळं करण्यात येत असे, देण्यात येत असे, कळविण्यात येत असे. ‘मी’ हा शब्द लिहायला माझा हात तयार होईना. शेवटी लिहिलं: ‘जाहिरात मी लावली आणि पाच मिनिटांत मीच काढली. सुनावणीत मी खोटं सांगितलं. संजीवनी गवारे यांनी फलक पाहिला असता तरी त्यांना काही दिसलं नसतं. त्यांची काही चूक नव्हती.’

“सही,” ती म्हणाली. “आणि तारीख.”

मी सही केली, तारीख घातली. तिनं कागद उचलून सावकाश वाचला, एखाद्या मुलाची वही तपासावी तसा. मग आतल्या खोलीच्या दाराशी गेली.

“अहो, उठा. बाहेर या.”

दिगंबर बनियनवर शर्ट चढवत आला. मला बघून हसला. “अरे, ताई! कधी आलात? चहा दिला की नाही हिनं?”

संजीवनीनं त्याच्या हातात कागद दिला.

“वाचा.”

त्यानं खिशातून चष्मा काढला. ओठ न हलवता पहिली ओळ वाचली आणि थबकला. माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. कागद घडी करायला लागला.

“मनात नको,” ती म्हणाली. “मोठ्यानं वाचा.”

“अगं, ताई बसल्यात...”

“बसू द्या. त्यांनीच लिहिलंय.”

त्यानं घडी उलगडली. आवाज आधी निघेना, मग खाकरून वाचायला लागला. जाहिरात मी लावली आणि पाच मिनिटांत मीच काढली. त्याच्या तोंडून ते वाक्य ऐकताना मी खुर्चीच्या कडा धरून बसले. सुनावणीत मी खोटं सांगितलं. एका शब्दावर तो अडखळला तर संजीवनी म्हणाली, “पुन्हा,” आणि त्यानं ती ओळ पुन्हा वाचली. शेवटच्या ओळीला पोहोचेपर्यंत त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की त्यांची काही चूक नव्हती हे शब्द मला ऐकू आले नाहीत, नुसते ओठ हललेले दिसले. संजीवनीला ऐकू आले असावेत. तिनं त्याला पुन्हा वाचायला सांगितलं नाही.

तिनं कागद त्याच्या हातातून घेतला आणि कपाटात ठेवला. मग माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि इतक्या वर्षांचं ते प्रेमही नव्हतं.

“प्रभाताई,” ती म्हणाली, “आता या तुम्ही.”

मी उठले. चपला घालताना पट्टा लागेना. कुणी मदतीला आलं नाही.